उंबऱ्याबाहेरचा भंडारा

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी टोकाला, डांबरी रस्ता संपून बाभळी सुरू व्हायच्या तिथं मोहनरावांची पत्र्याची शेड होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पेंडीची पोती ठेवायची जागा असेल. पण सकाळी पत्र्याच्या फटींतून उन्हाचे तिरके पट्टे आत उतरले, की पडदा वर जावा तसा आतला देखावा उजळायचा. आढ्यापासून खालपर्यंत पांढऱ्याशुभ्र तारांच्या लडी टांगलेल्या. वाऱ्याची झुळूक आली की त्या हलायच्या, एकमेकींना अंग घासायच्या. त्यांच्या मधून म्हस्कू अनवाणी चालायचा, एकेकीवरून हात फिरवायचा, आणि त्याला क्षणभर वाटायचं की आपण शेडमध्ये नाहीच. सुप्याच्या माळावर आहोत, धुकं उतरलंय, आणि मेंढरं आपल्या पायांत घोटाळताहेत. त्याची मेंढरं काळी होती आणि ह्या तारा पांढऱ्या. पण स्वप्नात रंगाला कोण विचारतं?

ही गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची. म्हस्कू तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता. उंच, काटक, डोक्याला लाल पटका, आणि उभं राहायचं झालं तर एक पाय दुसऱ्याच्या गुडघ्याला टेकवून काठीवर भार टाकायची धनगरी सवय. काठी गेली होती, मेंढरं गेली होती, सवय राहिली होती. यंत्राशेजारीही तो तसाच उभा राहायचा.

कळप त्यानं अंथुर्ण्याच्या भीमाला देऊन टाकला होता. भीमा त्याचा मेव्हणा, बायकोचा, सारजाचा, धाकटा भाऊ. जिथं पूर्वी मोकळं रान होतं तिथं पाटाचं पाणी आलं होतं, ऊस उभा राहिला होता, आणि उसाला कुंपण आलं होतं. गुडघेही कुरकुरू लागले होते. पण दसरा जवळ आला की अजून त्याची झोप हलकी व्हायची. दसरा झाला की वाडा कोकणाकडं निघायचा. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. मेंढरं, घोडी, घोडीवरची कोकरं, बायापोरं, भांडीकुंडी, असं चालतं गाव. ते निघताना म्हाताऱ्यानं पुढं व्हायचं, बिरोबाचं नाव घ्यायचं आणि हळदीच्या भंडाऱ्याची मूठ कळपावर उधळायची. पिवळा धूर उडायचा, काळ्या लोकरीवर सोनं बसायचं, आणि मगच पहिलं पाऊल. भंडारा न घेता त्याच्या घरातनं कधी काही लांबच्या वाटेला निघालंच नव्हतं.

मोहनराव पणदऱ्याचे. घरचा ऊस, घरची दुभती जनावरं. लहानपणी त्यांच्या रानात खतासाठी म्हस्कूची मेंढरं बसायला यायची, तेव्हा हा मुलगा घरात जेवायचं सोडून वाड्यावर येऊन म्हस्कूच्या ताटलीतली भाकरी खायचा. पुढं तो शिकला, चिनी मातीच्या आणि भट्टीच्या विद्येत पारंगत झाला, बंगळूरला नोकरी करून आला, आणि घरच्यांनी डोक्याला हात लावला तरी ऐकलं नाही. बारामतीत येऊन तारांना लेप द्यायच्या मागं लागला. शेड उभी राहिली तेव्हा त्यांनी म्हस्कूला बोलावून आणलं. म्हणाले, तात्या, मला घाई नसलेला माणूस पाहिजे.

काम काय, ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. लढाऊ विमानाच्या इंजिनाशेजारून तारा जातात. तिथं एरवीच भट्टीसारखी धग असते. त्यात कधी आग लागलीच, तर आगीची खबर वर बसलेल्या माणसाला देणारी जी तार, तीच आधी जळून चालणार नाही. तिनं जळत्या आगीतनं निरोप न्यायला हवा. म्हणून तारेवर काचेच्या धाग्याची वीण चढवायची, ती वीण बारीक दळलेल्या चिनी मातीच्या पातळ लेपातनं ओढायची, वाळवायची आणि मग भट्टीतनं काढायची. लेप आग सोसायला हवा आणि तार वाकवली तर तडकायलाही नको. दोन्ही एकदम जमत नव्हतं, तेच तर मोहनराव वर्षानुवर्षं शोधत होते.

म्हस्कूला ह्यातलं एक चटकन कळलं. वर एकटा बसलेला माणूस. आसपास कुणी नाही, खाली काळोखी दरी, आणि कळपात कुठं काही बिघडलं तर सांगायला फक्त एक आवाज. घाटात त्यानं अशी कितीतरी माणसं पाहिली होती. तो स्वतः त्यांतलाच होता. तेव्हापासून त्या न पाहिलेल्या माणसाला तो मनात 'वरचा' म्हणायचा. आणि लेपाला म्हणायचा खळ. घोंगडी विणणारे सणगर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, ती त्यानं लहानपणापासून पाहिली होती. म्हस्कू खळीच्या टाकीशी उभा राहून तार ओढायला लागला की दोन्ही डोळे मिटून घ्यायचा आणि बोटांनी ऐकायचा. भट्टीवरचा दादासो त्याला चिडवायचा, की तात्या काम करतोय का समाधीला बसलाय.

त्या वर्षी प्रथमच लेप न तडकता वाकू लागला होता. दसऱ्याला नमुन्याची तार ओढायची आणि बंगळूरला तपासणीला पाठवायची, असं ठरलं. मुहूर्त मोहनरावांच्या आईनं धरला. बंगळूरची तपासणीची पाळी मोठ्या मिनतवारीनं मिळाली होती.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा झाली. भट्टीला झेंडूची माळ, दळायच्या पिंपाला माळ, पान्या-पकडींना हळदीकुंकवाची बोटं. नारळ फुटला, खोबरं वाटलं, माणसं घराकडं गेली. म्हस्कू दिवे मालवायला मागं राहिला. लडी हलत होत्या. मावळतीचं ऊन टाकीवर पडलं होतं आणि आतली खळ दुधासारखी निवांत होती. उद्या ही निघणार. कोकणात नव्हे, त्याहून लांब. आणि मग कधीतरी वर, जिथं वाटच नाही. आणि हिच्या अंगावर कुणी भंडारा टाकलेला नाही.

कमरेची भंडाऱ्याची पिशवी त्यानं सोडली. देवाचं नाव घेतलं आणि मूठ उघडली.

पिवळी पूड पांढऱ्यावर पसरली, आणि पाहता पाहता लाल झाली. कडेनं लाल, मग मध्ये लाल, शिरांसारखे तांबडे ओघळ खाली उतरू लागले. म्हस्कूचे हात आपोआप जुळले. भंडाऱ्याचं कुंकू झालं होतं. देवानं कौल दिला, आणि तोही असा, डोळ्यांदेखत. तो टाकीवर झाकण ठेवून घरी गेला तो हवेवर तरंगतच.

सारजा चुलीपुढं होती. त्यानं सगळं रंगवून सांगितलं. तिनं कौतुकानं ऐकलं आणि मग भाकरी थापता थापता थांबली. माहेरी शेजारच्या घरात कुंकू करायचे, तिनं ते पाहिलं होतं. हळदीत चुन्याचं पाणी घातलं की कुंकू होतं, असं ती शांतपणे म्हणाली. खळीतही चुन्यासारखंच काही पाणी असेल. देवाला राग येऊ नये म्हणून तिनं चुलीला हात जोडले आणि मग विचारलं,

"आवं, पर सायबाला इचारलं व्हतं का?"

म्हस्कूनं ताट मागं सरकवलं. भाकरी तशीच राहिली.

दसऱ्याच्या सकाळी तो पोहोचला तेव्हा दादासोनं टाकीतला पंखा सुरू केलेला होता. खळ सगळी ढवळून एकजीव झाली होती, आणि तिला नव्या नवरीच्या गालासारखी लाली आली होती. दादासोनं आत डोकावून पाहिलं, म्हस्कूकडं पाहिलं, त्याच्या बोटांवरची पिवळी कड पाहिली आणि सगळं ओळखलं.

"तात्या, वरात कुणाची काढतुयास?"

मग त्यानंच समजूत घातली. मोहनराव घरच्या पूजेला पणदऱ्याला गेलेत, दुपारी येतील. भट्टीतनं निघालं की हळद जळून जाईल, तार पांढरी ती पांढरी. कुणाला कळतंय? दादासो वाईट माणूस नव्हता. त्याला म्हस्कूला वाचवायचं होतं, आणि सणाचा दिवस नासवायचा नव्हता.

तार ओढली गेली. वाळली. भट्टीत गेली. आणि दादासो म्हणाला तसंच झालं. दुसऱ्या तोंडातनं ती बाहेर आली ती जाईच्या फुलांच्या गजऱ्यासारखी, कुठं डाग नाही, कुठं लालीचा मागमूस नाही. म्हस्कूनं तिच्यावरनं बोट फिरवलं. बोटाला काहीच खुपलं नाही. आणि त्याच वेळी त्याला आठवली ती एक मेंढी. कोवळ्या ज्वारीचे फुटवे खाऊन आलेली. ते कोवळेपणी विषारी असतात. पण मेंढी चांगली चालत होती, लोकर चमकत होती, डोळे तरतरीत होते. सगळे म्हणाले, काही झालं नाही. ओढा ओलांडताना पाण्याच्या मधोमध ती बसली आणि उठली नाही.

मोहनराव दुपारी आले ते नव्या सदऱ्यात, हातात आपट्याच्या पानांचा झुबका घेऊन. तारेचं रीळ त्यांना लांबूनच दिसलं आणि चेहरा उजळला. पण आधी ते म्हस्कूकडं आले. शेडमध्ये वयानं तोच मोठा. दरवर्षीची रीत होती. त्यांनी पान त्याच्या हातात ठेवलं, सोनं घ्या तात्या म्हणाले आणि पायाशी वाकले.

रंगमंचावर असे क्षण येतात, की समोरचा वाकलेला असतो, आपले शब्द ठरलेले असतात, सगळं नाट्यगृह शांत असतं, आणि ठरलेलं वाक्य ओठांवर येतच नाही. म्हस्कूनं आशीर्वादाचा हात उचलला आणि तो तसाच राहिला.

"मोहनराव, उठा. मी खळीत भंडारा टाकलाय."

मोहनराव उठले. त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हस्कूनं सगळं सांगितलं: मूठ, लाल रंग, देवाचा कौल, सारजाचं बोलणं. दादासोचं नाव मात्र त्यानं काढलं नाही. दादासो भट्टीच्या आड उभा राहून भट्टीकडंच बघत होता.

मोहनराव ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिळावरचा एक तुकडा कापला, लोखंडी दांड्याभोवती वाकवला, एका टोकाला वीज जोडली, दुसऱ्या टोकाला दिवा. दिवा लागला. मग तारेखाली गॅसची ज्योत धरली. पांढरी तार लाल झाली, मग केशरी, आणि त्या आगीच्या पलीकडे तो साधा पिवळा दिवा देवळातल्या समईसारखा शांत जळत राहिला. एवढ्यात दिवा लुकलुकला, पुन्हा लागला, पुन्हा लुकलुकला. आणि गेला. ज्योत मात्र तशीच फुरफुरत होती.

हळद जळते, मोहनराव हळू आवाजात म्हणाले, पण जिथं जळते तिथं बारीक भोक ठेवून जाते. डोळ्यांना न दिसणारं, आणि वीज तिथून दांड्यात निसटते. बस, एवढंच. मग ते सायकल काढून नाक्यावरच्या टेलिफोन बूथकडं गेले आणि बंगळूरला कळवून आले, की नमुना येणार नाही. पाळी हुकली. परत आल्यावर त्यांनी टाकी स्वतः उपसली. म्हस्कूला ते तात्याच म्हणाले, अहोच म्हणाले. पण उद्यापासून तुम्ही वाळवणाकडं बघा, टाकीजवळ नको, असंही म्हणाले. आपट्याचं पान म्हस्कूच्या मुठीत चुरगळलेलं होतं.

वाळवण म्हणजे लडी टांगायच्या आणि उतरवायच्या. काम सोपं होतं. पण टाकी पलीकडं होती, आणि तिथून तारेचा सळसळाट ऐकू यायचा. कळप दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्याच्या घंटांचा आवाज ऐकावा, तसं त्याला व्हायचं. तो डोळे मिटायचा. बोटांना मात्र ऐकण्यासारखं काही नसायचं. सारजानं एकदा विचारलं, की सोडून देता का? तो म्हणाला, वरच्याचं काम अर्धवट राहिलंय.

थंडीत तो चार दिवस अंथुर्ण्याला गेला. भीमानं त्याला मुद्दाम मेंढरांमागं नेलं. मेंढरांनी त्याला ओळखलं, निदान त्याला तसं वाटलं. बांधावर बसून त्यानं मेव्हण्याला सगळी हकीकत सांगितली. भीमा म्हणाला, की भंडारा टाकला त्यात चूक न्हाय. कळपावर टाकायचा असतो दाजी, तुमी मेंढराच्या पोटात घातला. म्हस्कू बऱ्याच महिन्यांनी हसला.

इकडं टाकीवर आता दादासो होता. हात त्याचाही चांगला. पण माघ महिन्यात नमुन्याचे तुकडे पुन्हा आगीत हरू लागले. मोहनरावांनी माती बदलली, पाणी बदललं, दळायचं पिंप पूर्ण खोललं. रात्रंदिवस त्यांचं डोकं त्यातच. गालफडं बसली. शेवटी, सगळं उलगडून झाल्यावर, दादासोनं मान खाली घालून सांगितलं: तंबाखू मळताना त्याची चुन्याची डबी टाकीत पडली होती. काढली होती त्यानं, पण रिकामीच हाताला लागली; चुना टाकीच्या बुडाशीच बसून राहिला होता.

त्या संध्याकाळी मोहनराव वाळवणात आले आणि लडींच्या मध्ये उभे राहिले. जरा वेळ त्यांनाही कदाचित पणदऱ्याचं रान दिसलं असेल, मेंढरांनी भरलेलं, आणि ताटलीतली भाकरी.

"तात्या, चुकलात तुम्ही, तसा तोही चुकला," ते म्हणाले. "पण तुमची चूक मला त्याच दुपारी कळली. त्याची कळायला माघ संपला. टाकीजवळ मला येऊन सांगणारा माणूस पाहिजे."

म्हस्कूनं पटका काढून तोंड पुसलं.

"आणि भंडारा?" त्यानं मग विचारलं. टाकीजवळ जायचं, पण काहीच न उधळता तार परमुलखात धाडायची, हे त्याच्या जिवाला अजून पटत नव्हतं. मोहनरावांनी विचार केला. शेडच्या दाराबाहेर, उंबऱ्यापासून हातभर लांब, विटांच्या भिंतीत एक कोनाडा होता. पूर्वी तिथं विजेचा मीटर बसवायचा होता, तो दुसरीकडं बसला. मोहनराव म्हणाले, देव तिथं बसवा. तारेला नको, न्यायच्या पेटीलाही नको. पण तार घेऊन जो निघेल, त्या माणसावर हवा तेवढा उधळा.

दादासो परत भट्टीवर गेला. आता म्हस्कू आला की तो स्वतःहून तोंड उघडून दाखवायचा, की बघ, तंबाखू नाही. आणि म्हस्कू शेडमध्ये शिरण्याआधी नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, कमरेची पिशवी सोडून कोनाड्यात ठेवायचा. मग टाकीशी एका पायावर उभा राहायचा, डोळे मिटायचा, आणि तार बोटांमधून वाहू लागायची.

होळीच्या आधी नमुना तयार झाला, बंगळूरची नवी पाळीही मिळाली. पुन्हा तो दांडा, ती ज्योत, तो दिवा. ह्या वेळी सारजाही आली होती, दाराशी पदर घेऊन उभी होती. तार लाल झाली, केशरी झाली, पांढऱ्यापर्यंत गेली. पलीकडचा दिवा जळत होता. दादासो पुटपुटत होता. मोहनराव घड्याळाकडं बघत होते. म्हस्कू फक्त दिव्याकडं बघत होता. आगीच्या त्या पडद्यामागं त्याला एक काचेची खोली दिसत होती, आणि तिच्यात एकटा बसलेला माणूस. आणि त्याच्यापर्यंत, एवढ्या जाळातून, कुणीतरी हळूच हाक पोचवत होतं. मोहनरावांनी गॅस बंद केला. ज्योत गेली. दिवा राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सारजा मात्र दिव्याकडं बघून म्हणाली, आता इझवा त्याला, दमला आसंल.

दुसऱ्या दिवशी मोहनराव स्वतः पेटी घेऊन निघाले. उंबरा ओलांडला, पेटी गाडीत ठेवली, परत चार पावलं मागं आले आणि कोनाड्यापुढं मान वाकवून उभे राहिले. म्हस्कूनं बिरोबाचं नाव घेतलं. पिवळा धूर उडाला. नवा सदरा, चष्मा, केस, सगळं पिवळं झालं. तसेच ते बंगळूरला गेले. तिथल्या साहेबांनी काय मनात आणलं कुणास ठाऊक. आठवड्यानं नाक्यावरच्या बूथवर निरोप आला: नमुना कसोटीला उतरला. पुढच्या तपासण्या होत्या, कागदपत्रं होती, सगळं लांबचं होतं; पण टाकी चालू राहणार होती.

ती तार पुढं कुठल्या विमानात बसली, बसली की नाही, हे म्हस्कूला कुणी सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, एवढं मोहनराव म्हणाले. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्यात तो आणि सारजा अंथुर्ण्याला गेले. दुपारी मेंढरं बाभळीखाली डोकी एकमेकांच्या पोटाखाली खुपसून उभी होती. म्हस्कू घोंगडीवर आडवा झाला होता. उजनीच्या बाजूनं ऊन पाण्यासारखं लवलवत होतं. एवढ्यात खूप उंचावर एक चांदीचा ठिपका सरकू लागला, मागं पांढरी रेघ सोडत, आणि बऱ्याच वेळानं त्याचा आवाज खाली पोचला. मेंढरांनी माना वर केल्या नाहीत. भीमानं केली.

"दाजी, ह्यात हाय का तुमची तार?"

म्हस्कूनं डोळ्यांवर हात धरला. ठिपका सरळ चालला होता, न डगमगता, माग काढत जाणाऱ्या जुन्या मेंढरासारखा. त्यानं तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

"चांगला चाललाय न्हवं," तो म्हणाला. "मग आसंल."

आणि त्यानं डोळे मिटले. पांढरी रेघ आभाळात हळूहळू रुंद होत गेली, लोकरीसारखी पिंजत गेली.